तीन केबीची बातमी आणि बाकीचा पसारा : मराठी बातम्यांची संकेतस्थळे चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांचे संपादक, जाहिरात विभागप्रमुख आणि तांत्रिक विभागातील सहकारी

विषय : वाचकाचा ब्राउझर बदलला तरी पान जुन्याच हिशेबाने बांधले जात असल्याबाबत

स.न.वि.वि.

पाचशे शब्दांची मराठी बातमी किती वजनाची असते, हा हिशेब आधी मांडू. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरे साठवायच्या रूढ पद्धतीत, तीन बाइट घेते. पाचशे शब्दांत मोकळ्या जागा धरून साधारण ३,३०० चिन्हे येतात, म्हणजे नऊ-दहा केबी. ब्रॉटली या आकार लहान करायच्या पद्धतीने दाबल्यावर त्याचे तीन केबीच्या आसपास होतात. देवनागरी दाबली जातेही छान. तीन बाइटांपैकी पहिला सगळीकडे तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे पुनरावृत्ती भरपूर सापडते. नव्या जोडणीवर सर्व्हर पोच यायची वाट न बघता साधारण दहा पॅकेट, म्हणजे १४ केबीच्या आसपास मजकूर पाठवतो. हिशेबाने अख्खी बातमी, शीर्षक आणि पानाचा सांगाडा पहिल्याच फेरीत वाचकाच्या फोनवर उतरायला हवा.

प्रत्यक्षात वाचक पांढऱ्या पडद्याकडे बघतो, मग शीर्षक दिसते, मग ते खाली ढकलले जाते, मग बोट भलत्याच ठिकाणी पडते. हे का होते आणि कसे थांबवता येते, ते या पत्रात लिहिले आहे. काही भाग संपादकांसाठी आहे, काही जाहिरात विभागासाठी, बराचसा कोड लिहिणाऱ्यांसाठी. तरी तिघांनीही सगळे वाचावे अशी विनंती, कारण पान जड करण्याचे निर्णय तिन्ही टेबलांवर होतात आणि निस्तरायला मात्र एकालाच सांगितले जाते.

आधी ब्राउझरांचे बघू. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभरात पहिल्यांदा मोबाइल आणि टॅबलेटवरचा वेब वापर डेस्कटॉपच्या पुढे गेला. भारतात तो त्याच्या बराच आधी गेला होता. तेव्हाचा भारतीय वाचक मोठ्या संख्येने यूसी ब्राउझर किंवा ऑपेरा मिनी वापरत असे. या ब्राउझरांची खुबी अशी की पान आधी त्यांच्या सर्व्हरवर जाई, तिथे चित्रे दाबली जात, आणि हलके झालेले पान फोनवर येई. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली त्यांत यूसी ब्राउझर होता. क्रोममध्येही डेटा वाचवणारा लाइट मोड होता. मार्च २०२२ मध्ये, शंभराव्या आवृत्तीपासून तो काढला गेला. आणि एएमपी, म्हणजे मोबाइलसाठी हलकी पाने बांधायची चौकट, आठवतच असेल. २०१५ साली गूगलने आणलेल्या त्या चौकटीत स्वतःची जावास्क्रिप्ट (पानावर चालणारा कोड) जवळजवळ घालता येत नसे आणि सीएसएसला (पानाच्या रूपाच्या नियमांना) केबीत मोजलेली मर्यादा होती. ती चौकट जाचक होती, तिच्यावर आक्षेपही रास्त होते. पण २०२१ मध्ये गूगल शोधातल्या ‘टॉप स्टोरीज’साठी एएमपीची अट उठली, अनेकांनी ती सोडली, आणि चौकटीबरोबर शिस्तही सोडली.

म्हणजे पान आणि वाचक यांच्या मध्ये बसून वजन कमी करणारे तीन दलाल दोनेक वर्षांत एकेक करून बाजूला झाले. आता तुम्ही जे पाठवता ते जसेच्या तसे फोनवर आदळते. एचटीटीपी आर्काइव्हच्या मोजणीत २०२४ मध्ये मोबाइलवरच्या मध्यम पानाचे वजन सुमारे २.३ एमबी होते. लाइटहाउस हे तपासणीचे साधन मोबाइलसाठी सेकंदाला १.६ मेगाबिट वेग धरते, म्हणजे सेकंदाला २०० केबी. त्या वेगाने २.३ एमबी उतरायला साडेअकरा सेकंद लागतात. यात फोनच्या प्रोसेसरला लागणारा वेळ धरलेलाच नाही.

दुसरीकडे ब्राउझरांची विविधता ओसरली. भारतात मोबाइलवर दहांपैकी आठांहून जास्त पाने क्रोमवर उघडतात. उरलेल्यांत सॅमसंग इंटरनेट आणि ऑपेराचे मुख्य ब्राउझरही क्रोमचेच इंजिन वापरतात. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. ‘जुने ब्राउझर सांभाळावे लागतात’ ही सबब त्याच्याबरोबर जायला हवी होती, पण ती अजून तुमच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून तयार पान बांधण्याच्या प्रक्रियेत, नांदते आहे. (मराठी वेबला या सबबीची सवय जुनी. युनिकोडच्या आधी डायनॅमिक फाँटवर चालणारी मराठी वृत्तपत्रांची पाने फक्त एक्स्प्लोररमध्येच धड दिसत. इतर ब्राउझरमध्ये अगम्य चिन्हांची रांगोळी उमटे.)

कोड लिहिणाऱ्यांनी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ब्राउझरलिस्ट हे साधन चालवून कोणते ब्राउझर सांभाळायचे ठरले आहेत ती यादी बघावी. ‘डीफॉल्ट्स’ ही सेटिंग असेल तर तिच्यात ऑपेरा मिनी येतो, आणि त्याला नवी जावास्क्रिप्ट चालत नाही असे गृहीत धरून बिल्डची काही साधने तुमचा सगळा कोड २००९ सालच्या बोलीत उतरवतात. त्यासोबत पॉलिफिल, म्हणजे जुन्या ब्राउझरची उणीव भरणारे जादा तुकडे, येतात. ऑपेरा मिनीच्या वाचकाला याचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे स्क्रिप्ट दूरच्या सर्व्हरवर थोडा वेळ चालते आणि मग पान गोठवून पाठवले जाते. त्याला हवे आहे ते सर्व्हरवरच तयार झालेले साधे एचटीएमएल. ऑपेरा मिनी यादीतून वगळा, आणि बातमी स्क्रिप्टशिवाय वाचता येते ना ते बघा. जिओफोन वापरणाऱ्यालाही तेच लागते. त्यातल्या कायओएस या प्रणालीचा ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८व्या आवृत्तीच्या इंजिनावर बेतलेला आहे, म्हणजे २०१६ चा.

कोणत्या आवृत्तीपर्यंत सांभाळायचे, ती खालची रेघ कुठे ओढायची? अँड्रॉइड ७ वर क्रोम ११९ च्या पुढे जात नाही, अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८ च्या पुढे जात नाही. म्हणून क्रोम १०० ही रेघ निर्धास्तपणे ओढता येते. ॲरो फंक्शन, असिंक-अवेट, मॉड्यूल या जावास्क्रिप्टच्या नव्या सोयी आणि चित्रांचे लेझी लोडिंग (चित्र गरजेच्या वेळीच मागवणे) हे सगळे त्याच्या आतच बसते. रेघ बदलून बिल्ड करा आणि आधीच्या-नंतरच्या फायलींचे वजन शेजारी-शेजारी मांडा.

जावास्क्रिप्टचा मुद्दा इतका लावून धरण्याचे कारण तिची किंमत दोनदा मोजावी लागते. ३०० केबीचे चित्र आणि ३०० केबीची दाबलेली स्क्रिप्ट सारख्याच वेळात उतरतात. पण स्क्रिप्ट उलगडून एमबीभर होते, ती वाचावी लागते, कंपाइल करावी लागते, चालवावी लागते, आणि हे बहुतेक ज्या मुख्य थ्रेडवर (कामांच्या एकाच रांगेत) होते तोच बोटाच्या स्पर्शाला उत्तर देत असतो. आठ-दहा हजार रुपयांच्या फोनचा प्रोसेसर ऑफिसातल्या लॅपटॉपच्या चौथाईनेही पळत नाही. लाइटहाउससुद्धा मोबाइल तपासताना वेग चारपट कमी धरते. लॅपटॉपवर ६० मिलिसेकंदांत उरकलेले काम फोनवर पाव सेकंद घेते. ५० मिलिसेकंदांपेक्षा लांबलेल्या कामाला ब्राउझर ‘लाँग टास्क’ म्हणतो. तेवढ्यात वाचकाने मेनू दाबला तर काही घडत नाही, तो पुन्हा दाबतो, मेनू उघडतो आणि लगेच मिटतो.

१२ मार्च २०२४ पासून कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पानाचा अनुभव मोजणाऱ्या गूगलच्या आकड्यांत, हा उशीर मोजणारा आयएनपी हा आकडा आला. आधीचा एफआयडी फक्त पहिल्या स्पर्शानंतर काम सुरू व्हायला लागलेला वेळ बघत असे, म्हणून जवळजवळ सगळेच त्यात उत्तीर्ण होत. आयएनपी पानावरच्या सगळ्या स्पर्शांपैकी जवळपास सर्वांत वाईट अनुभव धरतो आणि पडद्यावर बदल दिसेपर्यंत मोजतो. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगला, ५०० च्या वर वाईट. मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ म्हणजे एलसीपी २.५ सेकंदांच्या आत हवा, आणि पान हलण्याचा आकडा म्हणजे सीएलएस ०.१ च्या आत. तिन्ही आकडे ७५ टक्के भेटींत साधले पाहिजेत. सरासरी इथे फसवते: महागड्या फोनवरच्या झटपट भेटी रखडलेल्या भेटींना झाकून टाकतात.

बऱ्याच नव्या मांडणीच्या संकेतस्थळांत एक चूक आढळते. बातमी सर्व्हरवर एचटीएमएल होऊन येते, हे उत्तम. पण तीच बातमी त्याच पानात खाली जेसॉन या डेटाच्या स्वरूपात पुन्हा येते, हायड्रेशनसाठी, म्हणजे तयार पानाला स्क्रिप्टने दाबण्याजोगे करण्यासाठी. त्यात देवनागरीचे चिन्ह युनिकोड एस्केपने (अक्षराऐवजी त्याच्या आकडी संकेताने) लिहिले असेल तर प्रत्येक चिन्हाला तीनऐवजी सहा बाइट लागतात. शिवाय त्या जेसॉनमध्ये ‘संबंधित बातम्या’ म्हणून वीस बातम्यांचा पूर्ण मजकूर आलेला असतो, दाखवायची असतात फक्त शीर्षके. पानाचा सोर्स उघडून बातमीतले एखादे वेगळे वाक्य शोधा. एकापेक्षा जास्त वेळा सापडले तर जेसॉनमधला मजकुराचा भाग वगळा. बातमीचा परिच्छेद वाचकाने दाबायचा नसतो. त्याला हायड्रेशन लागत नाही.

आता फाँट. इथे इंग्रजी संकेतस्थळांचे सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत. इंग्रजी फाँट वीसेक केबीत मावतो; देवनागरीत जोडाक्षरांचे शेकडो आकार असल्याने एकेक वजनाचा (अक्षराच्या जाडीचा) फाँट डब्ल्यूओएफएफ-२ या दाबलेल्या स्वरूपातही त्याच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून मोठा होतो. साधा, मध्यम, ठळक आणि अतिठळक अशी चार वजने घेतली की बातमीच्या साठ-सत्तर पट ओझे नुसत्या अक्षरांचे. आमचे मत स्पष्ट आहे: मजकुरासाठी फोनमधलाच फाँट वापरा. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी असतो, विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. तिन्ही वाचनीय आहेत आणि तिन्हींचे डाउनलोड शून्य केबी. ओळख जपायची तर शीर्षकासाठी एक फाँट, एका वजनाचा, पुरे. ओळीची उंची मात्र अक्षराच्या १.६ पट तरी ठेवा. इंग्रजीच्या हिशेबाने १.३ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

फाँट छाटताना, म्हणजे न लागणारी अक्षरे काढताना, काय बिघडते हेही सांगायला हवे, कारण छाटलेल्या फाँटमुळे मराठी चुकीची दिसली की कोणीतरी वैतागून पूर्ण फाँट परत लावतो. छाटणीच्या साधनात सर्व लेआउट फीचर (अक्षरे जोडण्याचे नियम) ठेवायचा पर्याय द्या. ते गळले तर क्ष आणि ज्ञ फुटतात, रफार अक्षराच्या डोक्यावर चढत नाही, अर्धी अक्षरे पाय मोडून उभी राहतात. युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा घेतलात तरी २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी जोडचिन्हे आणि २०बी९ हे रुपयाचे चिन्ह बाहेरच राहते. जोडचिन्हाशिवाय ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य काही जुन्या मजकुरात ‘र्य’ होतो. हा र दोन प्रकारे साठवला जातो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, काही साध्या र ला हलन्त आणि जोडचिन्ह लावतात. तुमच्या संग्रहात दोन्ही असणार, तेव्हा दोन्ही तपासा. ‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी बेतलेल्या फाँटमध्ये ते नसते, आणि ‘ॲप’ या शब्दाचे पहिलेच अक्षर दुसऱ्या फाँटमधून उसने आणल्यासारखे दिसते.

पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषेची खूण ‘एमआर’ अशी द्या. ती ‘ईएन’ किंवा ‘एचआय’ अशी राहून गेलेली मराठी संकेतस्थळे कमी नाहीत. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाच्या ल आणि श ची सोय केलेली असते, त्यांत ती या खुणेवरूनच चालू होते. दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीन रीडरही कोणत्या भाषेत वाचायचे हे यावरून ठरवतात. दोन अक्षरांचा बदल आहे.

फाँट स्वतःच्या सर्व्हरवरून द्या. ‘गूगलचा फाँट दुसऱ्या साइटवरून आधीच कॅशमध्ये असेल’ हा हिशेब ऑक्टोबर २०२० पासून, क्रोम ८६ पासून, चालत नाही. प्रत्येक संकेतस्थळाची कॅश (ब्राउझरने जपून ठेवलेल्या फायली) वेगळी ठेवली जाते. प्रीलोड (फाँट आधीच मागवण्याची सूचना) लावताना क्रॉसओरिजिन हा ॲट्रिब्यूट विसरलात तर तोच फाँट दोनदा उतरतो. आणि फाँट बदलताना शीर्षक दोन ओळींचे तीन ओळी होऊन पान उडी मारत असेल, तर पर्यायी फाँटला साइज-ॲडजस्ट लावून दोघांची रुंदी जुळवून घ्या.

चित्रांबद्दल थोडक्यात, कारण इथले उपाय सगळ्यांना ठाऊक असतात आणि तरी एक चूक हटकून होते. मुख्य छायाचित्रालाही लेझी लोडिंग लावलेले असते. मग पानाची मांडणी ठरेपर्यंत ब्राउझर त्या चित्राला हात लावत नाही आणि एलसीपी फुकट सेकंदभर लांबतो. मुख्य चित्रावरून लेझी काढा, त्याला फेचप्रायॉरिटी हाय, म्हणजे आधी उतरण्याचा मान, द्या. खालच्या चित्रांना लेझी राहू द्या. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची लिहा. साधारण ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्याला दुप्पट घनतेने ७२० पिक्सेलचे चित्र पुरते, वेबपी या स्वरूपात ते पन्नास-साठ केबीत बसते. वार्ताहराच्या कॅमेऱ्यातली चार एमबीची मूळ फाइल पानावर जाणारच नाही अशी व्यवस्था सीएमएसमध्ये (बातम्या चढवण्याच्या प्रणालीत) करा. उपसंपादकाला सूचना देऊन हे होत नाही. रात्री अकराला निकालांच्या गडबडीत कोण चित्र छोटे करत बसणार?

जाहिरात विभागाला आता जरा सविस्तर. तुमच्या उत्पन्नावर पाणी सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण ब्राउझर स्वतःच जाहिराती उडवतो, हे कदाचित तुमच्यापर्यंत पोहोचलेले नसेल. क्रोम ८५ पासून एखाद्या जाहिरातीने ४ एमबीपेक्षा जास्त डेटा ओढला, कोणत्याही ३० सेकंदांत १५ सेकंद प्रोसेसर वापरला किंवा एकूण मिनिटभर वापरला, आणि वाचकाने तिला हात लावला नसेल, तर क्रोम ती जाहिरात काढून टाकतो आणि जागी राखाडी चौकट ठेवतो. त्याआधीपासून, फेब्रुवारी २०१८ पासून, ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या उद्योगगटाचे निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळांवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम रोखू शकतो; जुलै २०१९ पासून हे जगभर लागू आहे. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी घेणे, आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, पडदाभर पॉपअप हे त्या निकषांत बसत नाही. चार परिच्छेदांच्या बातमीत पाच जाहिराती घालताना हे ३० टक्के एकदा मोजून बघा.

पान हलण्याचे सगळ्यात मोठे कारण जाहिरातीची न राखलेली जागा. जाहिरात लिलावातून ठरते, त्याला सेकंद-दीड सेकंद लागतो, तोवर वाचक तिसऱ्या ओळीवर पोहोचलेला असतो, आणि मग २५० पिक्सेलची जाहिरात वरून घुसते. उपाय एका ओळीचा आहे: त्या खणाला किमान उंची द्या. एकाच खणात वेगवेगळ्या मापांच्या जाहिराती येत असतील तर गेल्या महिन्याच्या अहवालातून सर्वांत जास्त वेळा भरलेले माप काढा आणि तेवढी जागा राखा. जाहिरात आलीच नाही तर खण मिटवू नका, मिटवल्यानेही पान हलतेच. तिथे स्वतःच्या वर्गणीची किंवा दिवाळी अंकाची जाहिरात लावा. खालच्या कडेला चिकटणारी पट्टी पानाला हलवत नाही, ती चालेल, पण पडद्याच्या अर्ध्या भागावर पसरणारी नको. पडद्याखालच्या खणांच्या जाहिराती वाचक जवळ आल्यावरच मागवा. न दिसलेली जाहिरात मागवून दिसण्याचे प्रमाण खाली जाते आणि दरही पडतात, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता.

मग टॅग मॅनेजर, म्हणजे बाहेरच्या स्क्रिप्ट पानावर चढवायचे साधन. तो म्हणजे माळ्यावरची अडगळ. वर चढवताना कोणी विचारत नाही, खाली कोणी उतरवत नाही. गूगलच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या वाचकमोजणीने १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेणे बंद केले, तरी त्याची स्क्रिप्ट आजही काही पानांवर चालते. जुन्या निवडणुकीच्या मोहिमेचे मोजणीचे पिक्सेल, करार संपलेले शिफारस-विजेट, एकाच वेळी तीन-तीन हीटमॅप (कुठे बोट पडते ते टिपणारे) हे सगळे तिथे सापडते. प्रत्येक नव्या डोमेनला पत्ता शोधण्याखेरीज (डीएनएस) जोडणी (टीसीपी), सुरक्षित जोडणी (टीएलएस) आणि मागणी अशा तीन फेऱ्या लागतात. फेरीला १५० मिलिसेकंद लागणाऱ्या नेटवर त्या साडेचारशे होतात. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क उघडा, तृतीय पक्षाच्या मागण्या वेगळ्या करा, एकेका डोमेनवर राइट-क्लिक करून ते ब्लॉक करा आणि पान पुन्हा मोजा. दिवसभरात यादी तयार होते: कोणता टॅग किती मिलिसेकंदांचा. त्या यादीत प्रत्येक टॅगपुढे जबाबदार माणसाचे नाव लिहा. ज्यापुढे कोणाचे नाव येत नाही, तो काढा.

यूट्यूबचा व्हिडिओ बातमीत जडवला की वाचकाने एक सेकंदही न बघता अर्ध्या एमबीहून जास्त स्क्रिप्ट उतरते. त्याऐवजी चित्र आणि वर प्लेचे बटण ठेवा, दाबल्यावर प्लेअर आणा. दर पाच मिनिटांनी पान आपोआप ताजे करणारा मेटा रिफ्रेश काढून टाका. वाचनाच्या मध्येच पान उसळून वर जाते, आणि त्यातून वाढलेली पानसंख्या खरी नसते हे जाहिरातदारांनाही कळते. उघडताक्षणी नोटिफिकेशनची परवानगी मागणेही थांबवा. फार जण नकार देतात असे दिसले की २०२० पासून क्रोम अशा साइटची विनंती परस्पर मूक करतो, मग ज्याला खरोखर हवी आहे त्यालाही ती धड दिसत नाही.

सर्व्हरविषयी एवढेच : सीडीएनचे (जवळच्या केंद्रातून फायली देणाऱ्या सेवेचे) मुंबईतले केंद्र वापरले जाते ना ते तपासा, एचटीएमएलही कॅश करा (एका मिनिटासाठी केली तरी निकालाच्या दिवशी सर्व्हर वाचतो), आणि पुनर्निर्देशनांची साखळी तोडा. व्हॉट्सॲपवर फिरणारा दुवा आधी एचटीटीपीएसकडे, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे, मग मोबाइलच्या उपडोमेनकडे जात असेल तर पहिला बाइट निघायच्या आधीच सेकंद गेलेला असतो.

मोजायचे कसे? ऑफिसच्या वायफायवर, लॉगिन केलेल्या लॅपटॉपवर, ॲडब्लॉकर चालू ठेवून मोजलेले पान नेहमीच चांगले दिसते. तुमचा वाचक वापरतो तसा एक फोन विकत घ्या, तीन-चार जीबी रॅमचा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचे पान उघडा. फोनवरची टॅब तिथे दिसेल. परफॉर्मन्स रेकॉर्डिंग सुरू करून बातमी उघडा, मेनू दाबा, खाली सरका, मागे या. लाल कोपऱ्याच्या पट्ट्या म्हणजे लाँग टास्क. प्रत्येकीवर क्लिक केले की कोणती स्क्रिप्ट तिच्या मुळाशी आहे ते कळते. मागे आल्यावर यादीचे पान पुन्हा पहिल्यापासून लोड होत असेल, तर ॲप्लिकेशन विभागातली बॅक-फॉरवर्ड कॅशची चाचणी कारण सांगते. ते कॅश-कंट्रोलमधले नो-स्टोअर, म्हणजे ‘पान साठवू नका’ ही सूचना, असू शकते.

पेजस्पीड इनसाइट्समध्ये वर दिसणारे प्रत्यक्ष वापरकर्त्यांचे आकडे क्रोमच्या नोंदींतून येतात आणि मागच्या २८ दिवसांचे असतात. आज केलेली दुरुस्ती उद्या दिसली नाही म्हणून ती मागे घेऊ नका. त्या नोंदींत आयफोनवरचे वाचक नसतात, सॅमसंग इंटरनेटवरचे नसतात, आणि दुसऱ्या ॲपच्या वेबव्ह्यूमध्ये (आतल्या ब्राउझरमध्ये) उघडलेली पानेही नसतात. समाजमाध्यमांच्या ॲपमधून येणारा वाचक मोठा असेल तर स्वतः मोजायला पर्याय नाही. वेब-व्हायटल्स ही छोटी लायब्ररी लावा, पान नजरेआड जाताना आकडा सेंडबीकनने पाठवा (अनलोडवर भरवसा ठेवू नका, फोनवर तो अनेकदा घडतच नाही), सोबत फोनच्या मेमरीचा आणि नेटच्या प्रकाराचा तपशील जोडा. मग ७५वा शतमक (ज्याच्या आत ७५ टक्के भेटी बसतात तो आकडा) दोनदा काढा, एकदा सगळ्यांचा आणि एकदा चार जीबी व त्याखालच्या फोनचा. दुसरा आकडा संपादकीय बैठकीत मांडावा.

बातमीच्या पानासाठी आमचे अंदाजपत्रक असे : दाबलेले एचटीएमएल २५ केबी, सीएसएस १५, मुख्य चित्र ६०, शीर्षकाचा फाँट ५०, स्वतःची जावास्क्रिप्ट ७० आणि जाहिराती-मोजणी धरून बाहेरच्या सगळ्या स्क्रिप्ट २५०. बेरीज ४७० केबी. सेकंदाला २०० केबीच्या नेटवर ते अडीच सेकंदांच्या आत उतरते, आणि मजकूर तर त्याच्या कितीतरी आधी. सगळ्यांत आधी २५० चा आकडा मोडला जाईल, हे उघड आहे. म्हणून तो पाळायची जबाबदारी जाहिरात विभागाकडे लेखी द्या, आणि उरलेले आकडे बिल्डमध्येच तपासा. मर्यादा ओलांडली की बिल्ड अडले पाहिजे. नुसता इशारा तिसऱ्या आठवड्यानंतर कोणी वाचत नाही.

यातली भाषेची खूण, मुख्य चित्रावरचे लेझी लोडिंग आणि मेटा रिफ्रेश ही तीन कामे अर्ध्या दिवसात होतात, त्यांना बैठक लागत नाही. जाहिरातींच्या खणांची उंची आणि टॅगची सफाई दोन विभागांनी एकत्र बसून आठवड्यात उरकता येईल. हायड्रेशनचा मामला एखाद्या तिमाहीचा आहे. विधानसभा किंवा महापालिकांच्या निकालांच्या आधीच्या महिन्यात तो हाती घेऊ नये. जे संकेतस्थळ आपले चार जीबी व त्याखालच्या फोनवरचे आकडे दर तिमाहीला वाचकांसमोर ठेवील, त्याच्या कोडमधल्या अडचणी सोडवायला आमच्यातले अनेकजण विनामोबदला वेळ द्यायला तयार आहेत. फाँटच्या छाटणीची आज्ञावली आणि चाचणीसाठी जोडाक्षरांचा नमुना मजकूर मागाल तेव्हा पाठवू.

कळावे,

आपले,
मराठी वेबवर काम करणारे काही डेव्हलपर